खाडीचं घड्याळ



मी कविता लिहितो. नौका चालवणं हा माझा व्यवसाय नाही. आमच्या घरातलं ते काम आजोबांबरोबर संपलं. ते मचव्यावर तांडेल होते. बाणकोटच्या मुखातून सावित्रीच्या खाडीत शिरायचं आणि म्हाप्रळ, दासगाव, भरती साधली तर थेट महाडपर्यंत माल पोचवायचा, हा त्यांचा धंदा. अब्बा नोकरीसाठी मुंबईला गेले, मी बी.ए. होऊन शब्दांच्या नादी लागलो. तरीही उथळ पाण्यातून शिडाची नौका कशी न्यावी, याविषयी आज मी बोलणार आहे. कारण या विषयात मी एकदा सपशेल नापास झालो आहे आणि नापास झालेल्याला धडा चांगला पाठ असतो.

भर समुद्रात नाखव्याला चिंता असते वाऱ्याची आणि लाटांची. खाडीत चिंता असते तळाची. सकाळी जिथे दोन पुरुष पाणी असतं, तिथेच दुपारी बायका गुडघाभर चिखलात तिसऱ्या वेचत असतात. देहरादूनच्या राष्ट्रीय हायड्रोग्राफिक कार्यालयाचे सागरी नकाशे पाहिलेत तर त्यात पाण्याच्या खोलीचे आकडे दिसतील. पण तो आकडा साधारणपणे सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेला असतो. त्यात त्या घटकेची भरती मिळवायची, मग खरी खोली कळते. म्हणजे नकाशा हातात असला तरी अर्धं उत्तर घड्याळात असतं. शिवाय नदीच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा एका जागी राहत नाही. पावसाळ्यातला पूर आणि समुद्राच्या लाटा त्याला दरवर्षी थोडा इकडे, थोडा तिकडे सारतात.

आजोबांचं घड्याळ आभाळात होतं. त्यांचा हिशेब सोपा. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसाची वेळ तीच रात्रीची, थोड्या मिनिटांच्या फरकाने. बंदरागणिक अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण; तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या सुमारास भांग. तेव्हा चढउतार थोडा. घरात चांद मोजला जायचा तो सणांसाठी. आजोबा तोच चांद पाण्यासाठी मोजत. शेजारचे खारवीकाका पंचांगातली तिथी सांगत. दोघांच्या हिशेबात एखाद्या दिवसाचा फरक पडला, की दोघंही अंगणात येऊन वर बघत उभे राहत.

दुसरा हिशेब पाणी उतरण्याच्या वेगाचा. भरतीनंतर साधारण सहा तासांत पाणी उतरतं, पण दर तासाला सारखं नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्या तासाला दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासाला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. समजा एकूण उतार तीन मीटरचा आहे. पहिल्या तासात पाणी जेमतेम पाव मीटर खाली जातं. माणूस म्हणतो, अजून बरंच पाणी आहे. तिसऱ्या तासात मात्र पाऊण मीटर पाणी पायाखालून निघून जातं. खाडी माणसाला फसवते ती या पहिल्या तासात.

इंग्रजीत एर्स्किन चिल्डर्स नावाच्या लेखकाची ‘द रिडल ऑफ द सँड्स’ ही 1903 सालची कादंबरी आहे. कॉलेजात असताना ती माझ्या हाती पडली. गोष्ट हेरगिरीची, पण जर्मनीच्या फ्रिजियन बेटांजवळच्या वाळूतून, ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या वाटांनी एक छोटी नौका कशी नेली जाते, हेच तिच्यात वाचावं. ती नौका मूळची जीवरक्षक होडी होती. तळ सपाट, त्यामुळे पाणी ओसरलं की वाळूवर सरळ बसणारी. धुक्यात होकायंत्र आणि पाण्याची खोली एवढ्यावर वाट काढणारा तिचा नायक वाचताना मला आजोबाच दिसले. त्यांच्याकडेही शिशाचं वजन बांधलेली दोरी होती. वजनाच्या बुडाशी चरबी लावलेली. खलाशी नाळेवर उभा राहून ती पाण्यात सोडी आणि ‘दोन वाव’, ‘दीड वाव’ असं ओरडे. चरबीला वाळू चिकटली, चिखल चिकटला की शिंपल्यांचा चुरा, यावरून आपण कुठे आहोत हे आजोबांना कळे.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून तर पुढचं सांगताना लाज वाटते.

2011 च्या नोव्हेंबरात मुंबईचा एक मित्र आपली छोटी शिडाची नौका घेऊन दक्षिणेकडे निघाला. मी सोबत होतो. तिच्या तळाला शिशाचा जड कणा. तरंगायला निदान दीड मीटर पाणी हवं. त्रिपुरी पौर्णिमेनंतरची तृतीया होती. पाऊणपटीने भरती सव्वादोनची. एक वाजता, चढत्या पाण्यावर, बाणकोटच्या मुखात शिरायचं असं ठरलं होतं. पण श्रीवर्धनजवळ सकाळचा मतलई वारा पडला. खारा वारा उठायला दोन वाजले. मुखाशी पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. मित्र म्हणाला, ‘‘आज बाहेरच थांबू या का?’’ मी म्हणालो, ‘‘अरे, ही खाडी माझ्या घरची आहे. तासाभरात असं कितीसं पाणी उतरणार?’’

दांडा ओलांडला. डावीकडे बागमांडला, उजवीकडे बाणकोटचा किल्ला. वारा पाठीमागून भरात होता आणि आम्ही शीड कमी केलं नाही. खोली मोजणाऱ्या यंत्रावर तीन मीटर, मग अडीच, मग दोन. यंत्र नौकेखालचं पाणी सांगतं, पुढचं सांगत नाही. चार वाजता नौका एखाद्या उशीत शिरावी तशी हळूच थांबली. आवाजही झाला नाही.

आम्ही शीड उतरवलं. दोघंही एका बाजूला लोंबकळलो. नौका कलली की कणा थोडा उचलला जातो म्हणून. मग मित्राने रबरी होडीतून नांगर खोल पाण्याकडे नेऊन टाकला आणि आम्ही दोरी ओढत राहिलो. पण तिसरा तास सुरू होऊ घातला होता. अर्ध्या तासात नौका कुशीवर पडली. दांड्यावर अशी बसली असती तर लाटांनी आपटून तिचा तळ फोडला असता. आत होतो म्हणून वाचलो. सूर्य मावळला तेव्हा आमच्या चारही बाजूंना ओली वाळू होती.

त्या तिरक्या फळ्यांवर बसून मला दादीने सांगितलेली गोष्ट आठवली. आजोबांनी ती स्वतः कधीच सांगितली नाही. ऐन उधाणाला, भरतीच्या माथ्यावर, त्यांनी घाईने कौलांनी भरलेला मचवा एका जवळच्या वाटेने घातला आणि तो वाळूत रुतला. उधाणाच्या माथ्यावर रुतण्याची शिक्षा मोठी असते. पुढची प्रत्येक भरती आधीपेक्षा बुटकी येते. भांग सरून पुढचं उधाण येईपर्यंत पाणी त्या उंचीला पोचतच नाही. तीन दिवस वाट पाहून, मचव्याचं लाकूड उकलायला लागलं तेव्हा त्यांनी निम्मी कौलं खाडीत टाकली. मचवा सुटला. व्यापाऱ्याने त्यांना पुन्हा माल दिला नाही. पुढची दोन वर्षं ते दुसऱ्याच्या गलबतावर साधे खलाशी होते. मला लहानपणी ते एकच वाक्य पुन:पुन्हा ऐकवत, ‘‘वाळूपाशी जायचं तर चढत्या पाण्यात जा. चुकलास तर पाणी उचलून घेईल.’’ मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटे. त्या वाक्याची किंमत त्यांनी किती मोजली होती, ते मला त्या रात्री कळलं.

आमचं नशीब बरं. आम्ही माथ्यावर रुतलो नव्हतो, पावणेदोन तास उतरलेल्या पाण्यात रुतलो होतो. शिवाय आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचं उधाण दिवसापेक्षा मोठं असतं. रात्री एकच्या सुमारास नौका थरथरली, हळूहळू सरळ झाली आणि टाकलेल्या नांगराच्या दिशेने आपण होऊन वळली. मित्र माझ्यावर एका शब्दानेही रागावला नाही. त्याचं मला जास्त लागलं.

आता रस्ते आणि पूल झाले, मालाची गलबतं गेली. भरतीची वेळ मोबाइलवर मिनिटासकट मिळते आणि ती आजोबांच्या पाऊणपटीपेक्षा अचूक असते. ते मान्य करायला हवं. पण त्या दुपारी मलाही वेळ ठाऊक होती. पाणी किती आहे, हे मी पाहत होतो. ते चढतंय की उतरतंय, हे विचारायचं राहून गेलं.

परवा नातू विचारत होता, ‘‘आजोबा, खाडीत पाणी किती असतं?’’ मी त्याला अंगणात नेलं आणि म्हटलं, ‘‘आधी सांग, आज चंद्र कितवा?’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)