बुडबुड्यांची साक्ष

हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने 1884 साली सांगितलेल्या रंगक्रियेत अल्कोहोलाने धुऊनही जे जंतू जांभळे राहतात, ते ग्राम-पॉझिटिव्ह. त्यांतल्या गोल जंतूंवर आम्ही हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकतो. फसफसले तर स्टॅफिलोकोकस, नाही तर बहुधा स्ट्रेप्टोकोकस. किती सोपे! पण एकदा आम्ही फसलो. रक्त घातलेल्या आगरावरून जंतू उचलताना आगराचा कणही आला. आणि कॅटालेज तर रक्तपेशींतही असते! बुडबुडे आले. पुढे सशाचा प्लाझ्मा गोठला नाही, म्हणून रोग्याच्या रक्तातला जंतू आम्ही त्वचेवरचा निरुपद्रवी ठरविला. संध्याकाळी, अहवाल निघण्यापूर्वी, सहज काचपट्टी पुन्हा पाहिली. भिंगाखाली घोस नव्हते, लांबच लांब माळा होत्या. वॉर्डाकडे आम्ही धावतच गेलो.