सरत्या वर्षाची गोठ्यातील मोजदाद
(चाकण परिसरातील दूध उत्पादकांपुढे केलेले भाषण)



डिसेंबर महिना दूध उत्पादकाला बरा जातो. थंडीत संकरित गाय खुशीत असते, दुधाला फॅट चांगली लागते आणि वैरणीची गंजी अजून भरलेली दिसते. म्हणूनच या महिन्यात चाऱ्याचा हिशोब कोणी करीत नाही. तो एप्रिलमध्ये होतो आणि तेव्हा हाती जनावर विकण्यापलीकडे काही उरत नाही. आज मुख्यतः याविषयीच बोलावयाचे आहे.

निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या गावांत पूर्वी बांधावरचे गवत आणि पडीक रान यांवर दोन-तीन जनावरे सहज निभत. कारखान्यांनी आपल्या दुधाला दारात गिऱ्हाईक आणले, पण बांध नेले. आता बहुतेकांच्या गोठ्यात वैरण विकत येते. विकतच्या वैरणीवर अंदाजाने जनावरे ठेवता येत नाहीत.

मोजदाद अशी करावी. गंजीतील कोणत्याही दहा पेंढ्या ताणकाट्यावर तोलाव्यात आणि सरासरी काढावी. समजा, एक पेंढी दीड किलो भरली. चारशे किलो वजनाच्या दुभत्या गाईला हिरव्या चाऱ्याबरोबर रोज सुमारे ६ किलो कोरडी वैरण लागते, म्हणजे चार पेंढ्या. १५ डिसेंबरपासून पावसाळी हिरवा चारा हाती येईपर्यंत, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत, सुमारे २१० दिवस होतात. एका गाईला ८४० पेंढ्या, चार गाईंना ३,३६०. शेतात शालू उभा असेल तर त्याचा कडबा यात जमेला धरावा, पण तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येणार हे विसरू नये. हिरवा चारा कमी असेल तर कोरड्या वैरणीचा आकडा वाढवावा लागेल. ज्यांच्याकडे गाड्याचे बैल आहेत त्यांनी तेही हिशोबात धरावेत. बैलगाडा शर्यतींचा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरविला, त्यामुळे यात्रांच्या हंगामाची तयारी आता जोरात असते. नाद जरूर करावा, पण घाटात पळणारा बैलही याच गंजीतून खातो.

आकडा तुटीचा आला तर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे वैरण आताच घ्यावी. मावळात आणि खेडच्या पश्चिम पट्ट्यात भाताची झोडणी उरकलेली असते आणि पेंढा स्वस्त मिळतो. नुसता पेंढा निकस असतो, म्हणून १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, तुडवून हवा काढावी आणि प्लॅस्टिकच्या कागदाने घट्ट झाकून २१ दिवस ठेवावा. खाऊ घालण्यापूर्वी थोडा वेळ उघड्यावर पसरावा आणि हळूहळू सवय लावावी. सहा महिन्यांच्या आतील वासरांना तो देऊ नये. युरियाच्या पाण्याची बादली मात्र जनावराच्या तोंडाशी चुकूनही ठेवू नये; त्याने जनावर दगावते. विकतची वैरण भंगाराच्या वखारीशेजारून आली असेल तर कुट्टी करण्यापूर्वी तारा-खिळे पाहावेत. आपल्या भागात पोटात तार गेलेली जनावरे हा नेहमीचा प्रकार आहे.

दुसरी वाट म्हणजे जनावरे कमी करणे. हे घरात बोलायला जड जाते, तरी ते आताच ठरवावे. प्रथम पशुवैद्यकांकडून सर्व गाई-म्हशींची गाभण तपासणी करून घ्यावी. भाकड दिसणारी गाय गाभण असेल तर ती ठेवावी. वारंवार उलटणारी किंवा दोन सड गेलेली असेल तर तिच्यासाठी वैरण विकत घेणे परवडत नाही. एप्रिलमध्ये सर्वांचीच वैरण संपते आणि चाकणच्या शनिवारच्या बाजारात विकणारे जास्त, घेणारे थोडे असतात. जनावर नेण्यापूर्वी कानात बारा अंकी बिल्ला आहे याची खात्री करावी. साथीच्या काळात बाजार बंद राहतात, २०२२ मध्ये लम्पीमुळे ते राहिले होते. तेव्हा आधी चौकशी करावी.

थंडीतील निगा आपणास माहीतच आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. वासराखाली पाचट किंवा पोती अंथरावीत. चीक जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत पाजावा. दव असलेला लसूणघास किंवा बरसीम पोटभर घालू नये, पोट फुगते. संकरित नेपिअर थंडीत वाढत नाही, त्याच्या भरवशावर न राहता ओट पेरलेला असावा.

शेवटी म्हशींविषयी. म्हैस थंडीच्या दिवसांत माजावर येते, पण तिचा माज मुका आणि बऱ्याचदा रात्रीचा असतो. घरातील माणसे झोपलेली असतात आणि तीन आठवडे वाया जातात. आपल्याकडे बहुतेक घरांतील एक मुलगा कंपनीत दुसऱ्या पाळीला असतो आणि मध्यरात्री घरी येतो. त्याने जेवायला बसण्यापूर्वी बॅटरी घेऊन गोठ्यात एक फेरी मारावी. म्हैस अस्वस्थ आहे का, थोडेथोडे लघवी करते का, निरणातून काचेसारखा सोट लोंबतो का, हे पाहावे आणि दाराच्या कॅलेंडरवर वेळ लिहून ठेवावी. सकाळी धारेला बसणाऱ्या आईने ती नोंद पाहून पशुवैद्यकांना फोन केला, तर रेतन त्याच दिवशी दुपारपर्यंत होऊ शकते.