शिक्षकाची साधना

नरखेड तालुक्यातल्या कोणत्याही संत्रा बागाइतदाराला विचारा, आंबिया बहार धरायचा तर आधी काय करावे लागते? तो म्हणेल, ताण. हिवाळ्यात बागेचे पाणी तोडायचे, पाने मलूल होऊ द्यायची, मग खत घालून पाणी सोडायचे. तेव्हा कुठे झाड फुलावर येते. हलक्या जमिनीला थोडे दिवस पुरतात, भारी काळीला जास्त लागतात. "जमीन पाहून ताण द्या लागते, गुरुजी," असेही तो वर सांगेल.

शिक्षकाच्या मनालाही असा ताण बसतो. तोच धडा, तोच फळा, आणि नोकरीचे विसावे वर्ष! तोंडाने शब्द चालू असतात, आत मात्र कोरडे. मग कोणी वर्गात आवाज चढवतो, कोणी घरी येऊन पोथी उघडतो. शाळा हा पोटाचा उद्योग आणि अध्यात्म हे घरचे, अशी आपण वाटणी करून टाकतो. मला वाटते, कोरडेपणाचे मूळ या वाटणीतच आहे.

साने गुरुजींनी ही वाटणी केली नाही. 1924 साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाचे काम आले, तेव्हा मुलांच्या खोल्या आवरणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढणे, हीच त्यांची पूजा झाली. 1930 साली सत्याग्रहासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. मुले सुटली, वर्ग सुटला. शिक्षकाला याहून मोठा ताण कोणता?

आणि 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात काय घडले पाहा. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अशी अठरा प्रवचने झाली. ती उतरून घेतली साने गुरुजींनी. एम. ए. झालेला, स्वतः उत्तम बोलणारा हा बत्तीस वर्षांचा शिक्षक खाली बसला आणि दुसऱ्याचे शब्द वेचू लागला. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती आले ते त्या ऐकण्यामुळे. रोज सांगणाऱ्या माणसाने आपले सांगणे बाजूला ठेवून असे ऐकावे, याहून अवघड तप शिक्षकाला नाही.

हे तप करायला तुरुंग कशाला हवा? तुमच्या वर्गात शेवटच्या रांगेत एखादा पोरगा असतो. तो घरच्या बोलीत उत्तर देतो. पहिल्याच शब्दाला आपण त्याची भाषा सुधारतो, अन् त्याला काय म्हणायचे होते ते तसेच राहून जाते. दोन-चार वेळा असे झाले की तो हात वर करीनासा होतो. त्याचे नुकसान तर दिसतेच; पण आपलेही होते, बरं का! ज्याच्यामुळे आपला धडा पुन्हा ताजा झाला असता, त्यालाच आपण गप्प केलेले असते.

म्हणून उद्या एवढेच करून पाहा. एका मुलाचे म्हणणे मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐका. व्याकरण मागाहून सांगता येईल. जप-ध्यान ज्याचे त्याने आवडीप्रमाणे करावे. पण त्याची परीक्षा शाळेच्या त्या चार भिंतींत होते, आणि परीक्षक आठ-दहा वर्षांचा असतो.