शेवटच्या फेरीपर्यंतचे इंजिन

(हीरक महोत्सवी समारंभात दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



यंत्रशास्त्रातील एखाद्या विषयावर सर्वांना समजेल असे बोलावे, अशी शाळेची आज्ञा झाली. मी मोटार शर्यतीतील इंजिनांचा विषय निवडला आहे. इंजिनातून जास्तीत जास्त शक्ती काढावी आणि तरीही ते शर्यत संपेपर्यंत टिकावे, हा पेच सोडवण्यात या क्षेत्रातील कित्येक बुद्धिमान माणसांची हयात गेली. साठ वर्षे अखंड चाललेल्या शाळेच्या अंगणात टिकण्याविषयी बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम हा पेच उद्भवतो कसा, ते पाहू. इंजिनाची शक्ती वाढवण्याचे ढोबळ मार्ग तीन. सिलिंडरांचे आकारमान वाढवावे, इंजिन अधिक वेगाने फिरवावे, किंवा आहे त्याच आकारमानात अधिक हवा कोंबून तिच्या प्रमाणात अधिक इंधन जाळावे. आकारमान शर्यतीचे नियम बांधून देतात. उरलेल्या दोन्ही मार्गांची किंमत मोजावी लागते. इंजिनाच्या फेऱ्या दुप्पट केल्या की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांवर येणारे जडत्वाचे बल चौपट होते. २००६ साली फॉर्म्युला वनमधील इंजिने मिनिटाला २०,००० फेऱ्यांच्या घरात पोचली होती. म्हणजे एकेक पिस्टन सेकंदाला तीनशेहून अधिक वेळा वर जाऊन खाली येत होता.

दुसरा मार्ग टर्बोचार्जरचा. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात भरते. पण दाबलेली हवा तापते. मग इंधनाचा काही भाग ज्योत पोचण्यापूर्वीच आपोआप पेटतो आणि गॅरेजमधले कारागीर ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात, तो ठोका सुरू होतो. ठोका जोराचा असेल तर पिस्टनला भोक पडायला फारसा वेळ लागत नाही.

फॉर्म्युला वनमध्ये टर्बो इंजिन प्रथम आणले ते फ्रान्सच्या रेनो कंपनीने, १९७७ च्या जुलैत, सिल्व्हरस्टोन येथे. इतरांची इंजिने टर्बोविरहित, तीन लिटरची. रेनोचे दीड लिटरचे. ते वारंवार बंद पडे आणि धूर सोडी, म्हणून त्या गाडीला ‘पिवळी किटली’ असे नाव पडले. कंपनीने चिकाटी सोडली नाही. १९७९ साली दिजाँ येथे, स्वदेशातच, तिने पहिली शर्यत जिंकली. मात्र जगज्जेतेपद हुलकावणी देत राहिले. १९८३ च्या अखेरच्या शर्यतीला, दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे, रेनोचा ॲलां प्रोस्त गुणतक्त्यात आघाडीवर होता. तेथे टर्बोने दगा दिला आणि प्रोस्तला शर्यत सोडावी लागली. ५९ विरुद्ध ५७ अशा दोन गुणांनी ब्रॅबम-बीएमडब्ल्यूचा नेल्सन पिके जगज्जेता झाला.

पुढचे, १९८४ चे वर्ष आपल्या विषयाचा जणू पाठच आहे. बीएमडब्ल्यूचे दीड लिटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन त्या काळातील अत्यंत बलवान इंजिनांपैकी एक. शर्यतीच्या आदल्या दिवशी पात्रता फेरी होते. तीत एकच चक्कर जलद मारली की शर्यतीच्या रांगेत पुढची जागा मिळते. त्या एका चकरेसाठी टर्बोचा दाब बेसुमार वाढवीत. त्या दशकात काही संघ पात्रता फेरीपुरती वेगळी इंजिने ठेवू लागले. मोजक्या चकरा झाल्या की ते इंजिन उतरवायचे आणि शर्यतीसाठी दुसरे बसवायचे. पिकेने त्या वर्षी १६ पैकी ९ शर्यतींत रांगेतील पहिली जागा पटकावली. जिंकल्या मात्र दोनच. इंजिन आणि टर्बोच्या बिघाडांनी त्याला पुनःपुन्हा अर्ध्यावर थांबवले. वर्षाअखेर त्याच्या खात्यावर २९ गुण होते आणि क्रमांक पाचवा.

जगज्जेता झाला मॅक्लारेनचा निकी लाउडा. त्या संपूर्ण वर्षात त्याला रांगेतील पहिली जागा एकदाही मिळाली नव्हती. त्याचा सहकारी होता रेनो सोडून आलेला प्रोस्त, आणि दोघांनी मिळून १६ पैकी १२ शर्यती जिंकल्या. लाउडाचे गुण ७२, प्रोस्तचे साडेएकाहत्तर.

मॅक्लारेनच्या यशाचे मर्म कशात होते? त्यांचे सहा सिलिंडरांचे इंजिन पोर्शे कंपनीत हान्स मेझगर यांच्या देखरेखीखाली घडले. इंधन किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे बॉश कंपनीची विद्युत्‌नियंत्रण यंत्रणा ठरवीत असे. त्या वर्षी नियमाने प्रत्येक गाडीला संपूर्ण शर्यतीसाठी २२० लिटर इंधनाची मर्यादा घातली आणि मध्येच इंधन भरण्यास बंदी केली. तोवर जास्तीचे इंधन सोडून इंजिन आतून थंड राखण्याची सोय होती, ती आता आटली. क्षणिक अफाट शक्तीपेक्षा मोजक्या इंधनावर दीड-दोन तास पुरणारी शक्ती मोलाची ठरली. शिवाय हे इंजिन १९८३ च्या अखेरच्या चार शर्यतींत मुद्दाम उतरवले गेले होते. त्यांत त्याने एकही गुण मिळवला नाही, पण त्याचे कच्चे दुवे उघडे पडले आणि पुढील हंगामापूर्वी ते सुधारता आले.

चालकाचा वाटाही लहान नव्हता. त्याच वर्षी ऑस्ट्रियात, आपल्या मायभूमीत, लाउडा आघाडीवर असताना त्याच्या गाडीचा चौथा गिअर निकामी झाला. त्याने गाडी थांबवली नाही. वेग उतरवला, उरलेल्या गिअरांवर तिला सांभाळत नेले आणि शर्यत जिंकली. मागून येणाऱ्या पिकेला पुढची गाडी अधू झाल्याचा सुगावाही लागला नाही.

विश्वसनीयता इतकी दुर्मिळ का, याचे उत्तर गणितात आहे. समजा, एका यंत्रात हजार भाग आहेत आणि त्यांतला प्रत्येक भाग शर्यत संपेपर्यंत टिकण्याची शक्यता ९९.९ टक्के आहे. एकही भाग मोडला तर गाडी थांबते. मग संपूर्ण यंत्र टिकण्याची शक्यता किती? अवघी ३७ टक्के. म्हणून कोणताच भाग क्षुल्लक नसतो. २०१३ साली आपल्या देशात, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, सेबास्टियन व्हेटेलने शर्यत जिंकून चौथे जगज्जेतेपद निश्चित केले. त्याच शर्यतीत त्याच संघाची दुसरी गाडी, मार्क वेबरची, अल्टरनेटर बिघडल्याने थांबली.

पुढे नियमांनीच टिकाऊपणाला महत्त्व दिले. २००५ साली एक इंजिन सलग दोन शर्यतींना पुरवणे सक्तीचे झाले. मध्येच बदलल्यास रांगेत दहा जागा मागे. मॅक्लारेनचा किमी रायकोनेन माँझा येथे पात्रता फेरीत सर्वांत जलद ठरला आणि इंजिन बदलावे लागल्याने अकराव्या जागेवरून निघाला. त्या वर्षी त्याने आणि रेनोच्या फर्नांडो अलोन्सोने प्रत्येकी सात शर्यती जिंकल्या. जगज्जेता झाला अलोन्सो, १३३ विरुद्ध ११२ गुणांनी.

यावरून शक्ती कमी केली की विश्वसनीयता आपोआप येते, असा समज होऊ नये. बेताने चालवलेले इंजिनही एखाद्या सदोष नळीमुळे बंद पडते. खरी पद्धत निराळी आहे. इंजिन टेस्ट बेंचवर, शर्यतीत येईल तेवढ्या ताणाखाली, तासन्‌तास चालवायचे. मोडले की उघडायचे, मोडलेला भाग शोधायचा, तो मजबूत करून पुन्हा चालवायचे. आता दुसरा भाग मोडतो; त्याचाही बंदोबस्त करायचा. असे करत गेले म्हणजे पूर्वी धोक्याची वाटणारी शक्ती हळूहळू नेहमीची होते. टिकाऊपणाच्या या कष्टांतूनच अधिक शक्तीची वाट मोकळी होते.

पालकहो, आता दोन शब्द आपल्यासाठी. प्रवेश परीक्षांच्या या काळात पात्रता फेरीच्या इंजिनाची मला वारंवार आठवण होते. एका दिवसाच्या एका गुणपत्रिकेसाठी मुलाच्या झोपेचा, खेळाचा, वाचनाचा वेळ जाळून दाब वाढवला जातो. पहिली जागा मिळतेही. पण त्या संघांकडे दुसऱ्या दिवशी बसवायला दुसरे इंजिन होते. आपल्या घरी तसे नसते. पुढची चाळीस वर्षे त्याच मुलाला, त्याच मनाने आणि त्याच शरीराने धावायचे असते.

शाळा ही टेस्ट बेंच आहे, असेही कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे. येथे चुकता येते, चुकीची किंमत अल्प असते आणि चूक दाखवून सुधारून घेणारे गुरुजन जवळ असतात, इथपर्यंत तुलना चालते. पण अभियंता इंजिनाची मर्यादा ते मोडेपर्यंत ताणून शोधतो. मुलाची मर्यादा तशी शोधायची नसते. ती त्याच्याशी बोलून, त्याच्याकडे पाहून, त्याचे ऐकून कळते. घरी मराठी बोलणाऱ्या पण परप्रांतात वाढणाऱ्या मुलांना या शाळेने साठ वर्षे त्यांच्याच भाषेत विचारले, त्यांच्याच भाषेत ऐकले. ही सवय तिने आणि आपण सोडू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.