सिंहस्थाची पूर्वतयारी : प्रकल्प-व्यवस्थापनाचे प्राथमिक धडे



'प्रकल्प-व्यवस्थापन' हा शब्द कानी पडताच कारखाने, धरणे आणि परदेशी पाठ्यपुस्तके डोळ्यांपुढे उभी राहतात. या शास्त्राची परिभाषा बाहेरून आली, हे खरेच आहे. अमेरिकन अभियंता हेन्री गँट याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कामांचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते रूढ केले. पुढे 1957-58 च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीत आणि अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामी, कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे हे दाखविणाऱ्या जाळ्यांच्या पद्धती तयार झाल्या. परंतु या साऱ्या पसाऱ्याच्या मुळाशी असलेले प्रश्न साधे आहेत. नेमके काय साधावयाचे? ते कोणी करावयाचे? कोणत्या क्रमाने? आणि विपरीत घडल्यास काय? हे प्रश्न समजून घेण्यास उज्जैनच्या सिंहस्थाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

उज्जैन मराठी माणसाला परके नाही. राणोजी शिंद्यांनी येथे आपले ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकाळेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, आणि 1810 साली दौलतराव ग्वाल्हेरीस जाईपर्यंत शिंदेशाहीची राजधानी येथेच होती. 'सिंहस्थ' हा शब्दही नाशिक-त्र्यंबकेश्वर आणि उज्जैन या दोन्हीकडे सारखाच नांदतो. गुरू सिंह राशीत आला की हे पर्व येते. 1992, 2004, 2016 अशी उज्जैनच्या पर्वाची अलीकडची वर्षे आणि पुढचे पर्व 2028 चे. सामान्य कामाची मुदत ठेकेदार मागतो आणि अधिकारी वाढवून देतो. येथे मुदत आकाशाने ठरविलेली! ती एका दिवसानेही लांबत नाही. म्हणून येथील नियोजन आजपासून पुढे न जाता पर्वाच्या दिवसापासून मागे मोजीत यावे लागते. नियोजनाचा पहिला धडा हाच होय.

मागे मोजतानाही नुसते महिने मोजून चालत नाही. घाटाच्या पायऱ्या, पुलाचे पाये ही नदीतली कामे पावसाळ्यात थांबतात. तेव्हा हाती किती कोरडे हंगाम आहेत, हे पाहावे लागते. पर्व चैत्र-वैशाखात असल्याने शेवटच्या पावसाळ्यानंतर जेमतेम सहा-सात महिने उरतात. ज्या कामाचा एक हंगाम हुकला की सारे वेळापत्रक कोसळते, ते काम निर्णायक. ज्याला थोडी सवड आहे, ते दुय्यम. हा भेद ओळखणाऱ्यास या शास्त्राचे अर्धे मर्म कळले, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा धडा उद्दिष्ट नेमके मांडण्याचा. वैशाखात क्षिप्रेचे पात्र आटते. 'नदीत पाणी हवे' एवढेच म्हटले, तर काम एक दिसते; 'स्नानायोग्य पाणी हवे' म्हटले, की त्याची दोन होतात. एक पाणी आणण्याचे, दुसरे घाण अडविण्याचे. नर्मदा-क्षिप्रा जोडयोजनेची पायाभरणी नोव्हेंबर 2012 मध्ये झाली आणि फेब्रुवारी 2014 मध्ये, म्हणजे पर्वाच्या दोन वर्षे आधी, पंपांनी उचललेले नर्मदेचे पाणी क्षिप्रेच्या उगमापाशी पोहोचले. ही दोन वर्षांची सवड चाचणीच्या व दुरुस्तीच्या दृष्टीने मोलाची होती. इंदूरकडून येणारे खान नदीचे दूषित पाणी घाटांना टाळून खाली नेण्यासाठी स्वतंत्र नळमार्ग घालण्यात आला. उद्दिष्टाच्या वाक्यात एक विशेषण वाढले, की कामाच्या यादीत एक प्रकल्प वाढतो.

तिसरा धडा विभागणीचा. 2016 साली तीन हजार हेक्टरांहून अधिक मेळाक्षेत्र 6 झोन आणि 22 सेक्टरांत विभागले गेले. विभागणीने काम लहान होते. पण तिचा खरा लाभ असा की, कोणत्या तुकड्याचा जाब कोणाला विचारावयाचा, हे ठरते. सर्वांचे म्हणून जे काम असते, ते बहुधा कोणाचेच नसते.

चौथा धडा संकटाचा, आणि तो महाग पडलेला आहे. 15 जुलै 1996 रोजी सोमवती अमावस्येला महाकाळ मंदिरात चेंगराचेंगरी होऊन तिसाहून अधिक भाविक दगावले. नाशिकला 27 ऑगस्ट 2003 रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर 39 जणांचे प्राण गेले. पुढच्या पर्वात, 2015 साली, तेथे शाही मिरवणुकीसाठी नवा मार्ग योजावा लागला. नाशिकचे पर्व श्रावण-भाद्रपदात, तेव्हा तेथे पुराची धास्ती. उज्जैनचे भर उन्हाळ्यात, तेव्हा येथे टंचाईची. परंतु 5 मे 2016 रोजी उज्जैनला अवचित वादळी पाऊस कोसळला, मंडप पडले आणि सात जणांचा मृत्यू झाला. अक्षय्य तृतीयेचे शाही स्नान अवघ्या चार दिवसांवर होते आणि त्याची तारीख पुढे ढकलता येणार नव्हती. चिखलातून मेळा पुन्हा उभा करावा लागला. नेहमीच्या भयाची तयारी सारेच करतात. यादीत नसलेल्या संकटासाठी काही माणसे, काही सामग्री आणि काही वेळ राखून ठेवणे, हे नियोजनकर्त्याचे खरे कौशल्य.

पाचवा धडा मेळा उठल्यानंतरचा. प्रकल्पाला शेवट असतो, परंतु त्याने निर्माण केलेल्या गोष्टीला नसतो. 5 जानेवारी 2019 रोजी शनैश्चरी अमावस्येला स्नानासाठी लोक घाटावर आले, तो पात्रात पुरेसे पाणीच नव्हते. नर्मदा जोडलेली होती, पंप बसविलेले होते. त्या दिवसासाठी वेळेवर पाणी सोडण्याची व्यवस्था मात्र अपुरी पडली. बांधकाम संपले म्हणजे काम संपले, ही समजूत मोठमोठ्या योजनांना ग्रासते. काम कोणाच्या हाती सोपवावयाचे, हे ठरल्यावाचून ते पुरे झाले असे म्हणू नये.

आणि यापुढचे एक कर्तव्य ग्रंथालयाच्या दारापर्यंत येते. दोन पर्वांमध्ये बारा वर्षांचे अंतर. एवढ्या काळात अधिकारी बदलतात, अनुभवी कारागीर निवृत्त होतात, स्वयंसेवकांची पिढी सरते. कोठे गर्दी तुंबली, कोणता घाट अपुरा पडला, कोणती युक्ती ऐन वेळी कामी आली, हे ज्याला ठाऊक, तोच पुढच्या वेळी हजर नसतो. यास उपाय एकच. काम संपताच, आठवण ताजी असताना, यशाबरोबर अपयशही प्रांजळपणे लिहून ठेवणे आणि तो लेख जपणे. अहवाल लिहिणाऱ्यास आपल्या चुका झाकण्याचा मोह होतो. पण झाकलेली चूक बारा वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

शंभर वर्षे लोकांची टिपणे, नकाशे, अहवाल आणि स्मरणिका सांभाळणारी संस्था केवळ करमणुकीचे साधन नव्हे. एका पिढीचा अनुभव दुसऱ्या पिढीच्या हाती देणारी ती वाट आहे. 2028 च्या पर्वाची तयारी करणाऱ्यांना 2016 चे धडे लिखित स्वरूपात मिळावेत आणि त्यांनी स्वतःचे धडे पुढच्यांसाठी मागे ठेवावेत, एवढी अपेक्षा या शताब्दीच्या निमित्ताने व्यक्त करणे अप्रस्तुत ठरणार नाही.