राउटर भेट द्यावयाचा तर

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात पौड येथे केलेले भाषण)



सुतारकामाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या आपल्या मुलांस यंदापासून एखादे यंत्र भेट द्यावे, असे कार्यकारी मंडळाने योजिले आहे. आणि त्यातही राउटर द्यावा, अशी बहुतेकांची इच्छा दिसते. त्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली. आम्ही पडलो शाळामास्तर. उभी हयात हाती खडू धरला, रंधा धरला नाही. तरीही मंडळाने आमचीच निवड का केली, हे आम्ही ओळखून आहो. राउटर भेट देण्यात माणसास जितकी चूक करता येते, तितकी आम्ही करून चुकलो आहो.

आमचे तीर्थरूप याच मुळशी खोऱ्यात नांगर, कुळव आणि गाड्यांची चाके करीत. खळ्यावर आंबेमोहोराचे बलुते मिळे, त्यावर घर चाले. वाकस, पटाशी, करवत, गिरमिट, गुण्या अशी त्यांची मोजकी हत्यारे. खंडेनवमीस ती धुऊनपुसून पाटावर मांडली जात आणि तेवढाच एक दिवस आम्हां मुलांना त्यांस स्पर्श करू देत. त्यांच्या रंध्याची मूठ त्यांच्याच अंगठ्याने झिजलेली होती. तोच रंधा शेजारच्या कारागिराने घेतला तर लाकूड सोलण्याऐवजी उपटून येई. बालपणी हे डोळ्यांनी पाहूनही आम्हांस म्हातारपणी शहाणपण सुचले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पुढे बैलगाड्या गेल्या, बलुते गेले. हिंजवडीपासून पिरंगुटपर्यंत इमारती उठल्या आणि आपल्या मुलांच्या हाती बाभळीच्या ओंडक्याऐवजी प्लायवूड आणि सनमायका आला. आमच्या पुतण्याने याच कामाचे शिक्षण घेतले. तो उत्तीर्ण झाल्याचे कळताच आम्हांस मोठा उमाळा आला. निवृत्तिवेतनातून काही रक्कम काढून आम्ही पुण्यास रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो आणि दुकानदारास म्हणालो, ‘सर्वांत मोठा राउटर दाखवा.’ त्याने दाखविला, आम्ही घेतला. अर्धा इंच दांड्याची बिटे घेणारा, दोन्ही हातांनी उचलावा असा तो जड राउटर हार घालून आम्ही पुतण्याच्या स्वाधीन केला. सर्वांनी टाळ्या वाजविल्या.

वर्ष लोटले. गणपतीत त्यांच्या घरी गेलो असता यंत्राची चौकशी केली. पुतण्या गप्प राहिला. वहिनींनी मात्र माजघराच्या कोपऱ्यातील गोणपाट उचलून दाखविले. खाली यंत्र जसेच्या तसे! मुलगा रोजचे भाडे भरून दुसऱ्याचे यंत्र आणीत होता. पण काकांचे मन मोडेल म्हणून वर्षभर बोलला नव्हता. आम्ही फार आग्रह केला तेव्हा म्हणाला, ‘काका, यंत्र उत्तम आहे हो, पण माझ्या कामाचं नाही.’ बंधूंनो, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

त्याचे काम कोणते, हे आम्ही विचारलेच नव्हते. कपाटावर चिकटविलेल्या सनमायक्याच्या कडा छाटणे, बिजागरीसाठी उथळ घर कोरणे, फळीची धार किंचित गोल करणे, हेच त्याचे दिवसभराचे काम. उभ्या दारावर, शिडीवर उभे राहून एका हाताने धरता येईल असे यंत्र त्यास हवे होते. आपले कारागीर त्यास ट्रिमर म्हणतात. त्याचे वजन सुमारे दीड-दोन किलो. आणि त्यात पाव इंच किंवा ६ मिलिमीटर दांड्याचे बिट बसते. उलट सागाच्या चौकटी, जाड फळीतील खोल खाचा, रुंद नक्षीच्या कडा करणाऱ्यास मोठा राउटरच पाहिजे. लहान यंत्र तेथे तापून बंद पडेल. घेणाऱ्याचे काम ठाऊक नसेल तर ट्रिमर द्यावा, असे आमचे मत झाले आहे.

आता काही बारकावे, जे पुढे आम्ही पुतण्याजवळ बसून शिकलो. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. त्या पकडीत ६ मिलिमीटरचे बिट दिसावयास बसते, पण घट्ट धरले जात नाही. आणि मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या वेगात ते सुटले तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून यंत्राबरोबर त्याच मापाची चार-पाच बिटे अवश्य द्यावी. ती कार्बाइडच्या धारेची असावी. प्लायवुडातील डिंक साध्या पोलादाची धार लवकर मारतो. मोठा राउटर घेतल्यास वेग कमीजास्त करण्याची सोय पाहून घ्यावी, कारण रुंद बिट पूर्ण वेगाने फिरविणे धोक्याचे असते.

परदेशस्थ नातलगांसही आमची एक विनंती आहे. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टचे, आपली वीज २३० व्होल्टची. प्रेमाने आणलेले यंत्र येथे थेट जोडले की जळून जाते. (वीज म्हटली की मुळशीकराच्या मनात काही वेगळेच येते. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून ज्या धरणाविरुद्ध येथील शेतकरी लढले, त्याचेच पाणी १९२७ पासून घाटाखाली भिऱ्यास वीज करीत आले आहे. असो, तो विषय आजचा नव्हे.)

शासकीय मदतीचीही आधी चौकशी करावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे, आणि हत्यारांकरिता १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर तीत ठेवलेले आहे. मुलाने त्यातून ट्रिमर घेतला असेल तर आपण दुसरा देऊन काय साधणार? त्यापेक्षा चांगली बिटे, शिकंजे, डोळ्यांचा चष्मा, कानांची झाकणे आणि धुळीचा मुखवटा द्यावा. लाकडाची भुकटी आपण पिढ्यान्पिढ्या फुंकरीने उडवीत आलो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिची गणना माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. मातांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आणखी एक. यंत्र देताना ते चालवून दाखविणारा अनुभवी कारागीर शेजारी उभा असावा. बिट बदलण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे. बिट ज्या दिशेने फिरते तिच्या उलट यंत्र सरकवावयाचे. अर्थात फळीची बाहेरची कड घेताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट जावयाचे. नाहीतर यंत्र हातातून पुढे धावते. खोल खाच एका दमात न पाडता थोडी थोडी उतरवीत न्यावी. आम्ही हार घातला, पेढे वाटले. यांपैकी एक अक्षर मुलास सांगविले नाही.

त्या गणपतीनंतर आम्ही दोघे पुन्हा बोहरी आळीत गेलो. या वेळी आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो आणि पुतण्याने तीन ट्रिमर हातात धरून पाहिले. अंगठा मुठीवर कसा बसतो, खटका बोटास लागतो की नाही, हे तो पाहत होता. मधलाच त्यास पसंत पडला. तो सर्वांत महाग नव्हता.

मोठा राउटर विकून टाक, असे आम्ही सांगितले. त्याने विकला नाही. जाड प्लायवूडची मेजफळी केली, मध्ये भोक पाडले आणि राउटर खालून उलटा जडविला. आता यंत्र जागीच राहते आणि लाकूड त्यावरून सरकते. गेल्या दिवाळीत त्यावर त्याने सागाचे सहा पाट केले, चारी बाजूंस गोलाईदार कड घेऊन. त्यांतील एक आमच्या घरी आहे. खंडेनवमीस त्यावर आम्ही तीर्थरूपांचा रंधा मांडतो.