विमानांचे कारखाने आणि संगणकांची राखण

नागपूरच्या मिहान वसाहतींत विमानविद्येशीं संबंध असलेले निरनिराळे उद्योग आहेत. टाटांच्या कारखान्यांत बोइंग ७८७ विमानांतील जमीन तोलून धरणाऱ्या तुळया घडतात; दसॉ-रिलायन्सच्या कारखान्यांत फाल्कन विमानांचे भाग तयार होतात; आणि २०१५ सालीं सुरू झालेल्या केंद्रांत एआय इंजिनियरिंग सर्व्हिसेसचे कारागीर विमानांची दुरुस्ती करतात. संगणकावरील हल्ल्याचा धोका या तिघांपैकीं कोणास अधिक?

प्रचलित रीत अशी कीं, बाहेरून दिसणाऱ्या उणिवा मोजावयाच्या आणि प्रत्येक कंपनीस गुण द्यावयाचे. घराच्या खिडक्या मोजून तिजोरींतील ऐवज ठरविण्यापैकींच हा प्रकार! शिवाय जी कंपनी आपल्यावरील हल्ले प्रामाणिकपणें नोंदविते, तिच्या नांवावर ते अधिक दिसतात. जिला घुसखोराचा पत्ताच लागला नाहीं, ती निर्दोष ठरते. अशा घटना ध्यानांत आल्यापासून ६ तासांत कळवाव्यात, असा २०२२ चा सरकारी निर्देश आहे. परंतु ध्यानांत येणें हीच तर खरी मेख आहे.

म्हणून तुलना करावयाची ती नुकसानाच्या जातीवरून करावी. ऑस्ट्रियांतील एफएसीसी या विमानांचे भाग करणाऱ्या कंपनीस वरिष्ठांच्या नांवानें खोटीं पत्रें आलीं आणि सुमारें ५ कोटि युरो परक्या खात्यांत गेले. हें २०१६ सालीं उघडकीस आलें. बेल्जममधील अ‍ॅस्को कंपनीच्या संगणकांना २०१९ च्या जूनमध्यें खंडणीखोरांनीं टाळें ठोकलें. सुमारें हजार कामगार घरीं बसले आणि जर्मनी, कॅनडा व अमेरिका येथील तिचे कारखानेही थंडावले. एकीचा पैसा गेला, दुसरीचा काळ गेला.

आतां मिहानकडे वळूं. तुळई घडविणाऱ्यास नकाशे चोरीस जाण्याचें व यंत्रें थांबण्याचें भय. दुरुस्ती-केंद्राचें भय निराळें आहे. कोणता भाग केव्हां बदलला ही नोंद पुसली गेली तर कळते. एखादा आंकडा हळूच फिरविला गेला तर कळत नाहीं. माझ्या मतें हें भय सर्वांत मोठें, जरी त्याचा गाजावाजा सर्वांत कमी होतो.

हिंगणा व बुटीबोरी येथील लहान कारखानदारांनाही हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. २०१९ मध्यें एअरबसवरील हल्ले पुरवठादारांच्या वाटेनें झाल्याचें वृत्त आलें. तेव्हां मोठ्या गिऱ्हाइकानें पुरवठादारास पारखावें हें रास्तच. पण वीस कामगारांच्या कारखान्यास आणि हजारोंच्या कंपनीस एकच लांबलचक प्रश्नपत्रिका धाडून काय साधतें? त्यापेक्षां असें विचारावें कीं, संगणक बंद पडल्यास काम किती दिवस चालेल? बँकेचें खातें बदलल्याचें पत्र आलें तर दूरध्वनीवरून खात्री कोण करून घेतो? नकाशांची प्रत वेगळी ठेवली आहे काय? "गेल्या महिन्यांत ती उतरवून पाहिली, दोन तास लागले," असें जो मालक सांगेल, त्याचे गुण थोडे असले तरी मी त्यालाच काम देईन.